ब्रेकचा जाम बोल्ट सोडवताना



मळ्यात जायचं, डेअरीवर दूध घालायचं, खताची गोणी आणायची, सगळं आता मोटारसायकलवर. मागे दुधाचे दोन कॅन आणि पुढे उतार असला, की सारा भरवसा ब्रेकवर. पण ब्रेक उघडायला बसावं, तर बोल्ट हलत नाही. मग पान्याला पाइप लावून जोर काढतात आणि बोल्टचं डोकंच तुटून हातात येतं. मागच्या ड्रम ब्रेकचा असा बोल्ट कसा सोडवावा, ते आज पाहू.

आधी तो जाम का होतो? चिखल, पाणी आणि खताचा क्षार आट्यांत शिरून गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आटे एकमेकांत आवळले जातात. म्हणजे आधी गंज फोडायचा, मग बोल्ट फिरवायचा.

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्या. सायलेन्सर निवू द्या. मग असं करा :

१. तारेच्या ब्रशनं आटे साफ करा. कॉटर पिन असेल तर आधी काढा. धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

२. गंज सोडवणारं तेल हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते आट्यांच्या मुळाशी थेंब-थेंब सोडा आणि रात्रभर मुरू द्या. खाली चिंधी धरा. तेल ड्रममध्ये, ब्रेक-शूवर गेलं, तर ब्रेक लागणार नाही.

३. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके, सरळ ठोके द्या. पॅनेल ॲल्युमिनियमचं असतं, त्यावर ठोका पडला तर तडकेल.

४. रिंग पाना किंवा गोटी पाना लावा. बहुतेक गाड्यांत 6 मिलिमीटरच्या बोल्टला 10 चा आणि 8 च्या बोल्टला 12 चा पाना बसतो. उघड्या तोंडाच्या पान्यानं कोपरे झिजतात.

५. आधी केसभर आवळा, मग सोडा. थोडा हलला की पुन्हा तेल, पुन्हा मागे-पुढे. घाई नको.

ब्रेकचा खटका काढण्यापूर्वी खटका आणि दांडा यांवर समोरासमोर खूण करा. त्याचा बोल्ट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय खटका ओढू नका.

आता कोणी म्हणेल, गॅसची ज्योत लावली तर? नको. तेल पेट घेतं, रबर जळतं. डिस्क ब्रेक असेल तर ऑइल सोडायचा स्क्रू पोकळ असतो, चटकन तुटतो. तो जाम असला तर मिस्त्रीकडेच जा.

पॅनेलला मागच्या चिमट्याशी जोडणारी दांडी असते. तिचा बोल्ट सगळ्यात जोखमीचा. ती दांडी सुटली, तर ब्रेक दाबताच पॅनेल चाकाबरोबर फिरू लागतं आणि चाक जागीच अडकू शकतं. म्हणून कोपरे झिजलेला, आटे गेलेला बोल्ट परत लावू नका. तितक्याच लांबीचा आणि ताकदीचा नवा घ्या. आट्यांवर ग्रीसचा पुसट हात फिरवा, कॉटर पिनही नवीच घाला.

जोडणी झाल्यावर चाक हातानं फिरवा. ते मोकळं फिरलं पाहिजे आणि पायानं ब्रेक दाबताच थांबलं पाहिजे. पायाचा मोकळा खेळ गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. आधी रिकाम्या गाडीवर अंगणात हळू चालवून पाहा. ओझं त्यानंतर.

आणि एवढं ध्यानात ठेवा : खताची गोणी उतरवली, की त्याच दिवशी गाडी साध्या पाण्यानं धुऊन पुसून घ्या. दर पावसाळ्यानंतर हे बोल्ट एकदा सोडून, साफ करून आवळा. म्हणजे पुढच्या खेपेला पाना लावताच ते सुटतील.

रामराम!