पत्रक घरी न्यायचं कसं?

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मी उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना अक्षररचना शिकवते. अक्षर केवढं, कितपत जाड, दोन ओळींत अंतर किती, पानावर आधी काय दिसावं, असा हा विषय. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो. बहुतेक जण पोस्टर करतात. 'स्त्री'च्या वेलांटीचा पदर होतो, 'मुक्ती'ला पंख फुटतात. दिसतं छान, गुणही मिळतात. पण त्यात वाचायचं काय असतं? एकच शब्द, आणि तो आधीच ठाऊक असलेला.

म्हणून एका वर्षी मी चार मुलींना पोस्टर करू दिलं नाही. एका महिला संघटनेचं पत्रक त्यांच्या हाती दिलं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याची माहिती देणारं. वर हातभर घोषणा, खाली मूठ, मग संस्थांची नावं, आणि उरलेल्या जागेत बारीक टाइपात कायदा कोंबलेला. नवरा-बायको एकत्र राहिले त्या घरात राहण्याचा बाईला हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी, हे वाक्य सातव्या ओळीत बुडालेलं. बाईला रात्री घराबाहेर काढतात तेव्हा तिला नेमकं हेच वाक्य हवं असतं!

मुली ते घेऊन एका बचत गटात गेल्या. चौथीत शाळा सुटलेल्या, साक्षरता वर्गात अक्षरओळख झालेल्या बायका. मोठ्याने वाचा म्हटलं. घोषणा सगळ्यांनी खणखणीत म्हटली. ती पाठच होती. पुढे गाडी अडली. 'संरक्षण अधिकाऱ्याकडे' हे शब्द दोन ओळींत तुटले होते. दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून शब्दांमध्ये मोठमोठ्या फटी पडल्या होत्या. शिवाय हातातली प्रत झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यात 'भ'चा 'म' झालेला, 'घ' की 'ध' कळेना, रफार उडून 'अर्ज'चा 'अज' झालेला. आपली पत्रकं छापखान्यातून थोडी आणि झेरॉक्सच्या दुकानातून जास्त पसरतात, हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. मीही त्यानंतरच शिकवू लागले.

या सगळ्यावर उपाय होते. चौदा पॉइंटचा टाइप, सुट्या ओळी, उजवी कड मोकळी, शब्द तोडायचा नाही, काळ्यावर पांढरी अक्षरं नाहीत. मुंबईच्या 'एक टाइप' गटाचे काही देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याने फुकट मिळतात, निरनिराळ्या जाडीचे; त्यांतला एक वापरला. मुली खूश होऊन नवी प्रत घेऊन गेल्या. तेव्हा एक बाई म्हणाली, "अक्षर झ्याक आहे गं, पण हे मी घरी न्यायचं कसं? दारातनंच दिसंल त्याला."

'हिंसाचार' हा शब्द त्यांनी चांगला दोन बोटं उंचीचा केला होता.

मैत्रिणींनो, अक्षररचनेच्या पुस्तकांत मोठं अक्षर म्हणजे महत्त्वाचं अक्षर. इथे मोठं अक्षर म्हणजे मार. मग घडी आली. पोलक्यात मावेल एवढी. बाहेरच्या बाजूला बचत गटाच्या हप्त्यांचा तक्ता, खराखुरा, भरता येणारा. कायदा आतल्या बाजूला, आणि राहत्या घराचं वाक्य सगळ्यात वर. घामाने, घडीने छपाई आधी घडीवरच झिजते, म्हणून १८१ हा हेल्पलाइनचा नंबर घडीपासून दूर घेतला. तो छापलाही इंग्रजी आकड्यांत, कारण मोबाइलच्या बटणांवर तेच असतात. मराठीचा अभिमान मलाही आहे. पण तिने आकडे जुळवत बसावं एवढा वेळ तिच्याकडे नसतो.

संघटनेतल्या काही जणींना हे रुचलं नाही. घोषणा गेली, मूठ गेली, चळवळीचं पत्रक वाटतच नाही म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मोर्च्यात घोषणा मोठीच हवी. पण मोर्च्याचा फलक आणि पोलक्यातला कागद एकाच साच्यातून काढायचा हट्ट आपण सोडायला हवा.

परीक्षकांनी या प्रकल्पाला बेताचेच गुण दिले. "दृश्य परिणाम कमी" असा शेरा. दृश्य परिणाम कमी व्हावा यासाठीच तर मुली दोन महिने राबल्या होत्या!

आणखी एक. अशा कामावर मुलींची नावं छापत चला. इंग्लंडमधल्या मोनोटाइप कंपनीत विसाव्या शतकात अक्षरांची रेखाटनं करणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या. टाइप ओळखले गेले ते पुरुषांच्या नावाने. त्या बायकांचा शोध घ्यायला रेडिंग विद्यापीठात फिओना रॉस यांच्या पुढाकाराने 'विमेन इन टाइप' हा संशोधन प्रकल्प अलीकडे उभा राहिला, तोवर कित्येकींची नावं पुसट झाली होती. आपल्या पत्रकाच्या तळाशी छापखान्याचं नाव असतं, देणगीदाराचं असतं. अक्षर जुळवणारीचं कुठे असतं?

तुमच्या गावाजवळ कलाशाळा असेल तर तिथल्या मुलांना आपली पत्रकं द्या. तक्रारीचे नमुने द्या, दवाखान्यातली संमतिपत्रं द्या. देताना कोरी छापील प्रत देऊ नका. गावात फिरून आलेली, चार वेळा झेरॉक्स झालेली, घडीवर फाटलेली प्रत द्या.