थांबवणे वेगळे, झडती वेगळी



कायद्यावर बोलायला वकील बोलवावा अशी रीत आहे. आम्ही वकील नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, ट्रक-ड्रायव्हरांच्या तक्रारी लिहून घेता घेता झाले. त्यातलीच एक तक्रार सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर किराणा माल घेऊन निघाला. रात्री नाक्यावर गाडी अडवली. कागद पाहून झाले. मग ताडपत्री सोडवली, पोती उतरवली, चार फोडली. काही सापडले नाही. 'जा' म्हणाले, हा हात जोडून निघाला. मुक्कामी माल कमी भरला. मालक म्हणाला, "झडती झाली याला पुरावा काय?" पुरावा नव्हता. तूट पगारातून गेली.

आम्ही विचारले, "कागद का मागितला नाहीस?" तो म्हणाला, "दादा, कागद ते आपल्याकडे मागतात. आपणही मागायचा असतो, हे कुणी सांगितलेच नाही!"

ते सांगण्यासाठीच आज उभे आहोत. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 प्रमाणे गणवेशातील पोलिसाने मागितले की लायसन्स दाखवलेच पाहिजे. कागद आता डिजिलॉकरमधले, मोबाइलवर दाखवलेलेही चालतात. परंतु लायसन्स पाहणे म्हणजे पोती फोडणे नव्हे.

झडतीचा कायदा निराळा. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात 'जागा' या शब्दात घर, तंबू यांच्याबरोबर वाहनही येते. कलम 185 प्रमाणे वॉरंटाशिवाय झडती घ्यायची तर ती ठाण्याच्या प्रमुखाने किंवा तपास अधिकाऱ्याने, तपासातल्या गुन्ह्यासाठी घ्यायची, आणि तिची कारणे आधी लिहून ठेवायची. ती नोंद 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे जाते आणि अर्ज केल्यास तिची नक्कल फुकट मिळते. कलम 105 प्रमाणे झडतीचे चित्रण करावे लागते. म्हणजे काही सापडले नाही तरी झडतीची खूण मागे राहिली पाहिजे. त्या ड्रायव्हरला नेमकी तीच हवी होती.

अपवाद लपवणार नाही. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात संशयावरून रस्त्यात गाडी तपासता येते. तेथे वॉरंट लागत नाही. अंगझडती घ्यायची असेल तर मात्र राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या असे म्हणण्याचा हक्क आहे, आणि तो पोलिसांनीच सांगायचा आहे. हे संरक्षण अंगापुरते आहे, पिशवीला किंवा पोत्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली पवनकुमार खटल्यात सांगितले.

दुसरी कडू गोष्ट. झडती बेकायदा ठरली म्हणून सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही. हे 1973 च्या पूरनमल खटल्यापासून ठरलेले आहे. तेव्हा नाक्यावर हुज्जत घालून किंवा आडवे पडून काही साधत नाही; उलट नवा गुन्हा अंगावर येतो. शांतपणे अधिकाऱ्याचे नाव आणि ठाणे विचारावे, कारण विचारावे, आपल्या वहीत वेळ आणि ठिकाण लिहावे. काही जप्त झाले तर यादीची प्रत घेतल्याशिवाय हलू नये.

त्या यादीवर सह्या कुणाच्या? कलम 103 प्रमाणे त्या भागातल्या दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांच्या. म्हणजे श्रोतेहो, आपल्या! पंच म्हणून बोलावणे आले की आपण मागल्या दाराने निघून जातो. लेखी आदेश असताना सबळ कारणाशिवाय नकार देणे हाही गुन्हा आहे. पण ती गोष्ट सोडा. परगावचा ड्रायव्हर, रात्रीची वेळ, ओळखीचे कुणी नाही. आपण गेलो नाही तर ठाण्यातला नेहमीचा पंच येतो आणि न पाहिलेल्या मजकुरावर सही करतो.

ड्रायव्हरला हक्क शिकवण्याचे काम आमचे. ते आम्ही करतो आहोत. हाक आली तर आपण या, डोळ्यांनी पाहा, पाहिले तेवढ्यावरच सही करा. एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.