कॉम्प्युटर सुरू होईना, तरी हिशोब पुसू नका



आपल्या ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि जुन्या मशीनवरही ते चालतं. पावसाळ्यात एका सकाळी मशीन सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी, आणि त्यांत 'कर्नल पॅनिक'. आत ११ गटांची बचत, कर्ज, हप्ते, सगळं. बँकेत फाइल द्यायला चार दिवस उरलेले. दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." आम्ही नको म्हटलं. का, ते आज सांगतो.

कर्नल म्हणजे मशीनचा कारभारी. डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामध्ये तो असतो. लिनक्सचा कर्नल १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिहायला घेतला आणि सगळ्यांना खुला केला. म्हणून कुणीही त्यात बदल करून आपला कर्नल बांधू शकतं. आमच्या एका ताईंची लेक कॉम्प्युटर शिकते. जुनं मशीन हलकं चालावं म्हणून तिनं काही ड्रायव्हर वगळून नवा कर्नल टाकला होता. पोरीच्या धडपडीचं आम्हाला कौतुकच आहे.

पण कर्नल वेगळा आणि आपल्या फायली वेगळ्या. कर्नल 'बूट' फोल्डरमध्ये असतो, हिशोब 'होम'मध्ये. कारभारी आजारी पडला म्हणून कणगीतलं धान्य नासत नाही. शिवाय नवा कर्नल टाकला तरी जुना सहसा तिथंच असतो.

म्हणून आम्ही मशीन बंद करून परत चालू केलं आणि शिफ्टचं बटण दाबून धरलं. काही मशीनवर एस्केप दाबावं लागतं. 'ग्रब' नावाची यादी आली. तिच्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये गेलं की कर्नलची नावं आकड्यांसकट दिसतात. जुना निवडून एंटर दाबलं, मशीन सुरू! आधी सगळा हिशोब पेनड्राइव्हवर उतरवला, मग चहा घेतला.

पुढं कारण शोधायला बसलो. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला होता, तो कामी आला. त्यात ओळ होती 'अनेबल टू माउंट रूट एफएस', म्हणजे मुख्य डिस्क उघडता येत नाही. डिस्क वाचायचा ड्रायव्हर डिस्कवरच असेल, तर कपाटाची किल्ली कपाटातच राहिल्यासारखं होतं. म्हणून 'इनिटरामएफएस' नावाचं एक गाठोडं कर्नलबरोबर आधी मेमरीत येतं, त्यात ही किल्ली असते. आमच्याकडं जुन्या कर्नलचं गाठोडं होतं, नव्याचं नव्हतंच. 'डीएफ' हा आदेश देऊन पाहिलं, तर बूटची जागा १०० टक्के भरलेली. आधीच्या प्रयोगांचे कर्नल तिथंच साठले होते. गाठोडं ठेवायला जागाच नव्हती!

ते प्रयोगाचे कर्नल काढले, मूळचा चालणारा मात्र ठेवला. मग नव्या कर्नलचा आकडा देऊन 'अपडेट-इनिटरामएफएस' आणि नंतर 'अपडेट-ग्रब' हे आदेश दिले. मशीन पुन्हा अडलं. पण या वेळी पॅनिक नव्हतं. 'इनिटरामएफएस' असं लिहून ते थांबलं होतं. म्हणजे गाठोडं आलं, किल्ली आत नव्हती. वगळलेल्या ड्रायव्हरांत डिस्कचा 'एएचसीआय' हाच गेला होता! लेकीनं तो परत घेतला, कर्नल पुन्हा बांधला, मॉड्यूल बसवले, गाठोडं नव्यानं केलं. संध्याकाळी मशीन नव्या कर्नलवर सुरू झालं. फाइल वेळेत बँकेत गेली.

तुमच्याकडं 'बॅड शिम सिग्नेचर' असं आलं, तर गोष्ट निराळी आहे. 'सिक्युअर बूट' चालू असलेलं मशीन सही नसलेला घरचा कर्नल घेत नाही. एकतर त्या कर्नलवर सही करावी लागते, नाहीतर मशीनच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागतं.

आणि ग्रबची यादीच आली नाही, तर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून मशीन त्यावरून चालू करा. तिथं 'ट्राय' निवडायचं, 'इन्स्टॉल'ला हात लावायचा नाही. डिस्क उघडली की हिशोबाच्या फायली दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. दुरुस्तीवाल्याला त्यानंतर बोलवा.