मूळ प्रत, शाखा आणि संगम



अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या. प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली, असे परंपरा सांगते. अनुयायांनी ग्रंथ स्मरणातून पुन्हा लिहिला आणि त्याचे निरनिराळे पाठ झाले. १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. परंतु कोणता पाठ कोठे व का वेगळा झाला, हे शोधण्याचे कष्ट अभ्यासकाला आजही चुकलेले नाहीत.

संगणकाची आज्ञावली रचणाऱ्या चमूपुढे हाच प्रश्न रोज उभा असतो. दहा जण एकाच प्रतीवर लिहू लागले, की एकाचे काम दुसऱ्याच्या हातून पुसले जाते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली ‘गिट’ ही व्यवस्था यावर उपयोगी पडते. मुख्य शाखा सदैव निर्दोष राखावयाची, नवे काम स्वतंत्र शाखेवर करावयाचे आणि सहकाऱ्याने तपासल्यावरच ते मुख्य शाखेत मिळवावयाचे, ही तिची प्रचलित रीत. दोघांनी एकच ओळ बदलली असेल, तर यंत्र थांबते. निवड माणसानेच करावयाची असते.

व्हिन्सेंट ड्रीसन यांनी २०१० मध्ये विकास, प्रकाशनाची तयारी आणि तातडीची दुरुस्ती यांसाठी वेगवेगळ्या शाखांची पद्धती मांडली. तीत तातडीची दुरुस्ती मुख्य शाखेबरोबर विकासशाखेतही न्यावी लागते. अन्यथा पुढील आवृत्तीत जुना दोष पुन्हा डोके वर काढतो. सतत प्रकाशन करणाऱ्या चमूंनी अधिक सोपी पद्धत स्वीकारावी, असे त्यांनीच २०२० मध्ये सुचविले.

शाखा फुटणे हा दोष नव्हे. नोंदीवाचून फुटणे हा दोष होय. गिटमध्ये प्रत्येक बदलाबरोबर कर्त्याचे नाव, वेळ आणि कारण लिहिले जाते. प्रत्येक सहकाऱ्याजवळ सहसा संपूर्ण इतिहासाची प्रत असल्याने एक प्रत गेली, तरी ग्रंथ जात नाही. मात्र ‘दुरुस्ती केली’ एवढेच लिहिणाऱ्याला यंत्र कारण पुरवीत नाही. म्हणून वऱ्हाडातील तरुणांनी शाखा लहान ठेवावी, लवकर मिळवावी आणि कारण स्पष्ट लिहावे. पुढे तेच काम हाती घेणाऱ्याला त्या एका ओळीचाच आधार असतो.