रात्रीच्या गाडीने चीन



पाठीवर एक पिशवी आणि बेताचा खर्च, एवढ्यावर चीन बघायचा असेल तर रात्रीची रेल्वेगाडी धरा, हा माझा पहिला सल्ला. बीजिंग ते शीआन हे अंतर साधारण १,२०० किलोमीटरचं. अतिजलद गाडी तुम्हाला दिवसाउजेडी पाच-सहा तासांत पोचवते, पण तिचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट ५०० युआनच्या घरात जातं. रात्रीच्या साध्या गाडीला अकरा-बारा तास लागतात, मात्र झोपून जायचं तिकीट जवळपास निम्म्यात मिळतं आणि एका मुक्कामाचं भाडंही वाचतं. आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. अतिजलद गाड्यांची नवी स्थानकं बहुतेक शहरांत गावाबाहेर आहेत. शीआनला ती गाडी दूरच्या उत्तर स्थानकावर सोडते. रात्रीची गाडी मात्र जुन्या स्थानकात येते. तिथून बाहेर पडलात की समोर मिंग काळातला तट उभा असतो. जवळपास १४ किलोमीटर घेराच्या या तटावर भाड्याची सायकल घेऊन फिरता येतं.

आता डब्यात शिरू. चिनी साध्या गाडीत सर्वांत स्वस्त ती बसायची जागा, म्हणजे ‘हार्ड सीट’. पैसे वाचतात म्हणून रात्रभरासाठी ती घेऊ नका. पाठ ताठ धरून आणि दिवे चालू असताना काढलेली रात्र दुसरा अख्खा दिवस खाते. तुमच्यासाठी योग्य तो ‘हार्ड स्लीपर’. नाव कठीण असलं तरी गादी बरी असते. चादर, उशी, पांघरूण तिकिटातच येतं. एका कप्प्यात समोरासमोर तीन-तीन, अशा सहा जागा असतात आणि कप्प्याला दार नसतं. चार जागांचा, दार लावता येणारा ‘सॉफ्ट स्लीपर’ही आहे, पण त्याचं भाडं बरंच जास्त. सोबत वयस्कर माणूस असेल तरच तो घ्या.

हार्ड स्लीपरमधल्या खालच्या, मधल्या आणि वरच्या जागांपैकी कुठली मागायची? आपल्याकडच्या सवयीने सगळे खालची मागतात, आणि तीच सर्वांत महाग असते. माझं मत मधल्या जागेला. आपल्या थ्री टायरमध्ये मधला बर्थ दिवसा खाली पाडावा लागतो, तिथे तो कायमचा बसवलेला असतो. दुपारी बारापर्यंत लोळत पडलात तरी कुणी उठवत नाही. खालच्या जागेवर दिवसा शेजारीपाजारी येऊन टेकतात. सर्वांत वरची जागा स्वस्त खरी, पण तिथे ताठ बसता येत नाही. आपल्यासारखे साइड बर्थ तिथे नसतात. त्या बाजूला खिडकीलगत छोटी टेबलं आणि उघडमिटीच्या खुर्च्या असतात. बाहेरचा मुलूख बघायला आणि सहप्रवाशांशी खाणाखुणांनी बोलायला यापेक्षा चांगली जागा नाही. रात्री दहाच्या सुमारास दिवे मालवले जातात. तेव्हा ब्रश करणं, अंथरूण नीट करणं त्याआधीच उरकून घ्या.

प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी असते, आणि मराठी घरातून निघालेल्या माणसाने तिचा पुरता उपयोग करावा. झाकणाचा स्टीलचा डबा, चमचा आणि थर्मास सोबत घ्या. गरम पाणी ओतून होणारे पोहे, उपमा, चहा अशा पुड्या घेतल्या की रात्रीच्या जेवणाची चिंता मिटते. चिनी प्रवासी तिथेच वाटीतले नूडल्स भिजवत उभे असतात, ओळख तिथेच होते. शाकाहारी लोकांना मी काकुळतीने सांगतो, नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, रश्शात हाडांचं पाणी असू शकतं. काय चालत नाही ते एकेक करून चिनी लिपीत कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दाखवा. मोठ्या बौद्ध मंदिरांच्या आसपास शुद्ध शाकाहारी खाणावळी सापडतात. तिथे बहुधा कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे जैन मंडळींचीही सोय होते.

तिकिटाचं सगळं गणित पासपोर्टवर चालतं. पर्यटक व्हिसा इथूनच काढून निघायचं. चिनी रेल्वेच्या १२३०६ नावाच्या अधिकृत अ‍ॅपवर इंग्रजीतून तिकीट काढता येतं, मात्र पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ लागतो, म्हणून नोंदणी घरी असतानाच करा. आरक्षण साधारण पंधरा दिवस आधी खुलं होतं. कागदी तिकीट आता नाही, पासपोर्ट हेच तिकीट. नावातलं एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी फाटकावर अडकाल, तेव्हा पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच भरा. स्थानकाचं नावही दोनदा वाचा. एकट्या बीजिंगमध्ये मुख्य स्थानक, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशी कितीतरी स्थानकं आहेत.

स्थानकावर तासभर आधी पोचा. आत शिरतानाच सामानाची तपासणी होते. फळं कापायची सुरी घरीच ठेवा, ती काढून घेतात. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फलाटाचं फाटक बंद होतं, धावत जाऊन गाडी पकडणं तिथे जमत नाही. पैशांसाठी अलीपे किंवा वीचॅट या अ‍ॅपला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून घ्या, थोडी रोख जवळ ठेवा. गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथे बंद असतात, म्हणून नकाशे आणि पत्ते आधीच उतरवून घ्या.

सलग दोन रात्रींपेक्षा जास्त गाडीत झोपू नका. अंगावर येतं, आणि ज्या गावासाठी गेलो तेच डोळ्यांवर झोप घेऊन बघावं लागतं. चिनी नववर्षाचे आठवडे आणि १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा पूर्ण टाळा. त्या दिवसांत सारा देश गावी निघालेला असतो.

शीआनला गेलात की मोठा वन्यहंस पॅगोडा चुकवू नका. भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी इ.स. ६५२ मध्ये तो बांधला. ते ग्रंथ नेणारा चिनी भिक्षू ह्युएन त्संग चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही आला होता आणि इथल्या माणसांविषयी त्याने लिहून ठेवलं आहे.

आणि एक विनंती. बीजिंगहून दक्षिणेला जाणाऱ्या मुख्य मार्गावर शीजियाज्वांग हे शहर लागतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांची समाधी या शहरातल्या हुतात्मा स्मारकात आहे. आपल्या आराखड्यात तिच्यासाठी अर्धा दिवस जरूर ठेवा. बीजिंगहून अतिजलद गाडीने हे अंतर तास-सव्वा तासाचं आहे.