मिस्सा संपल्यावर

(मिशन रविवारनिमित्त धर्मग्रामातील मेळाव्यात केलेले भाषण)



आज मिशन रविवार. थोड्या वेळापूर्वी दानपेटी फिरली आणि आपण सर्वांनी यथाशक्ती दान टाकलं. देव आपल्या दानाला आशीर्वाद देवो. मला बोलायचं आहे ते पेटी पुढे गेल्यानंतरच्या गोष्टीविषयी.

'मिस्सा' आणि 'मिशन' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदापासून आले आहेत. त्याचा अर्थ आहे पाठवणे. मिस्साच्या शेवटी धर्मगुरू आपल्याला नुसती सुट्टी देत नाहीत, ते आपल्याला पाठवतात. कुठे? आपल्या पालघर जिल्ह्यात तरी फार लांब जावं लागत नाही. सकाळी नाक्यावर कामासाठी उभे असलेले वारली, कातकरी, मल्हार कोळी बांधव आपण रोज पाहतो. आपल्या वाडीत भाजी खुडणारी ताई आणि वीटभट्टीवर झोपडं बांधून राहणारं कुटुंबही त्यांच्यातलंच.

मत्तयच्या शुभवर्तमानातला 25 वा अध्याय आठवा. अखेरच्या न्यायाच्या वेळी डाव्या बाजूला उभ्या असलेल्यांवर चोरीचा किंवा खुनाचा आरोप नाही. भुकेलेला, तहानलेला, परका, आजारी माणूस समोर असताना त्यांनी काही केलं नाही, एवढाच आरोप आहे. आणि उजव्या बाजूचे? आपण प्रभूची सेवा केव्हा केली, असं तेच आश्चर्याने विचारतात. सत्कृत्य त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याची नोंद त्यांनी ठेवलीच नव्हती.

बाळ येशूची संत तेरेजा 15 व्या वर्षी मठात गेली आणि 24 व्या वर्षी 1897 साली देवाघरी गेली. मिशनच्या प्रदेशात तिने कधी पाऊल ठेवलं नाही. तरीही 1927 साली ख्रिस्तसभेने तिला मिशनकार्याची आश्रयदाती केलं. लहान कामं मोठ्या प्रेमाने करणं हाच तिचा मार्ग होता.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं आहे. बेल्जियमचे येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लीव्हन्स 1885 साली छोटानागपूरला आले. मुंडा आणि उरांव लोकांच्या जमिनी जमीनदार गिळत होते, वेठबिगार चालू होती. फादरांनी कुळकायदा शिकून घेतला आणि आदिवासींना कोर्टाच्या कामात मदत केली. कागद वाचता येणं हीसुद्धा भूतदया असते, हे त्यांनी दाखवून दिलं.

मी निवृत्त शिक्षिका आहे. आमचा चार-पाच जणांचा गट दर मंगळवारी पाड्यांवर जाऊन अर्ज भरून देतो. गेल्या वर्षी बारावी झालेल्या एका मुलीचा नर्सिंगचा प्रवेश जातीच्या दाखल्यासाठी अडला होता. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. शाळेची पायरी न चढलेल्या आजोबांचा पुरावा कुठून आणायचा? शेवटी जुन्या कोतवाल बुकात त्यांच्या जन्माची नोंद सापडली. त्यासाठी तहसील कार्यालयाच्या चार खेपा झाल्या. माझा दिवस गेला म्हणून पेन्शन थांबत नाही. त्या मुलीच्या वडिलांचा दिवस गेला की त्या दिवशीची मजुरी जाते. नोंदीची नक्कल हातात घेऊन ते म्हणाले, "बाई, माझ्या बापाचं नाव सरकारच्या वहीत हाय, ह्यां मला आजच समजलां." मुलीला प्रवेश मिळाला. पण ते वाक्य माझ्या मनात दाखल्यापेक्षा जास्त राहिलं आहे.

बंधुभगिनींनो, सगळ्यांनी पाड्यावर गेलं पाहिजे असं मी म्हणत नाही. घरापासून सुरुवात करू या. आपल्या वाडीत काम करणाऱ्याची मजुरी त्याच संध्याकाळी हातात द्या. कापणी करणाऱ्यांची थकवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असं संत याकोब बजावतो. त्यांना नावाने हाक मारा. वयाने मोठ्या माणसाला 'अहो' म्हणा. चहा आपल्याच कपात द्या. आणि मदत करताना कुणाचा धर्म विचारू नका, त्या बदल्यात काही मागू नका. चांगल्या शोमरोनीने जखमी माणसाला काहीच विचारलं नव्हतं.

दिवाळी झाली की जव्हार, मोखाड्याची कितीतरी कुटुंबं भट्ट्यांवर येतील आणि पाऊस येईपर्यंत इथेच राहतील. आधार जोडलेलं रेशनकार्ड असेल तर त्यांना इथल्या दुकानातही धान्य उचलता येतं. अनेकांना हे माहीतच नसतं. आपल्या घराजवळच्या भट्टीवर जाऊन एवढं जरी सांगितलंत आणि पहिल्या वेळी दुकानापर्यंत सोबत गेलात, तरी एका घरात महिन्याचं धान्य पोहोचेल. मुलांना जवळच्या शाळेत बसवता येईल का, तेही विचारा.

मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात पैसे नाही, वार लिहायचा आहे: आठवड्यातला कोणता वार, किती वेळ. ज्यांना बाहेर पडणं शक्य नाही, त्यांनी या कुटुंबांसाठी रोज एक रोझरी करावी. तीही आम्हाला हवी आहे.

समोर उभा असलेला प्रभू ओळखण्याची दृष्टी पवित्र आत्मा आपल्याला देवो.

जय ख्रिस्त!