राखणदाराची राखण

आज आम्ही गुरांविषयी बोलणार नाही. गुरांची काळजी तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते. बैलाने वैरणीला तोंड लावले नाही तर घरधनी रात्रभर जागा असतो. म्हशीचे दूध पाव लिटर कमी आले तरी घरातल्या बाईच्या लगेच ध्यानात येते. पण दारातला कुत्रा दोन दिवस उपाशी पडून राहिला, तर कोण विचारतो? मांजर आठ दिवस दिसले नाही, तर आपण म्हणतो, गेलं असेल कुठंतरी! आज या दोघांविषयी बोलायचे आहे.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. आम्ही जुने मॅट्रिक. जन्मभर पोरांना बाराखडी शिकवली. पण लहानपणी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आणि ती अजून विसरलो नाही. तीच आधी सांगतो.

साल होते 1966. आम्ही चौथीत होतो. आमच्या दारात मोत्या नावाचा कुत्रा होता. रात्री पान हलले तरी भुंकायचा. एके दिवशी तो गाडीखाली अंधारात जाऊन बसला. हाक मारली तरी येईना. त्याचा आवाज घोगरा झाला. तोंडातून लाळ गळू लागली. पाण्याच्या भांड्याशी गेला, पण घोट गिळेना. घरच्यांना वाटले, घशात हाडूक अडकले असेल. आमच्या थोरल्या चुलतभावाने हाडूक काढायला त्याच्या तोंडात हात घातला आणि मोत्या त्याला चावला. तिसऱ्या दिवशी मोत्या मेला.

चावल्यावर भावाला अंगारा लावला. आमच्या गुरुजींना हे कळले, तेव्हा ते स्वतः घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "अंगारा राहू द्या, पोराला आधी तालुक्याला न्या." त्या काळी पोटात चौदा सुया टोचत. भाऊ रडला, ओरडला, पण वाचला.

पण शेजारी आमचा एक सोबती होता. त्याच्या बोटाला विळ्याने कापले होते. मोत्याने ते बोट चाटले. चावला नाही, नुसते चाटले. म्हणून तो कुणाला बोलला नाही. दीड महिन्याने त्याला ताप आला. मग पाण्याचा पेला पुढे केला की त्याचा घसा आवळू लागला. चार दिवसांत तो गेला.

मंडळी, मोत्या आमचा होता. शेजाऱ्यांनी आम्हाला कधी शब्दाने दुखावले नाही. पण त्या घरापुढून जाताना आमची मान आजही खाली जाते. कुत्र्याला लस टोचून घेतात, हे त्या वेळी आमच्या घरी कुणाला ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. ठाऊक असून जो करीत नाही, त्याला काय म्हणावे?

या रोगाला रेबीज म्हणतात. रोगी जनावराच्या लाळेत विषाणू असतात. ते चावल्याने, ओरखड्याने किंवा उघड्या जखमेवर चाटल्याने आपल्या अंगात शिरतात. एकदा रोगाची लक्षणे दिसली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. पण लक्षणे दिसण्याआधी लस घेतली तर जीव वाचतो. फ्रान्स देशात लुई पाश्चर नावाच्या शास्त्रज्ञाने 1885 साली एका नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम टोचली आणि तो मुलगा वाचला.

म्हणून कुत्रे किंवा मांजर चावले तर काय करायचे, ते नीट ऐका. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. वर तिखट, चुना, हळद काही चोपडू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. ती पोटातली जुनी लस आता वापरात नाही. आता दंडात चार-पाच सुया टोचतात. जखम रक्ताळलेली असेल तर जखमेतही एक औषध देतात. डॉक्टर ज्या तारखा सांगतील, त्यातली एकही चुकवू नका.

हे झाले चावल्यानंतरचे. पण पाणी येण्याआधी बांध घालणे शहाणपणाचे. कुत्र्याचे किंवा मांजराचे पिल्लू तीन महिन्यांचे झाले की गुरांच्या दवाखान्यात न्या आणि रेबीजची लस टोचून घ्या. मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि पुढे वर्षाच्या वर्षाला. वर्षातून एक सकाळ मोडेल, एवढेच.

आता रोजची काळजी. तिला पैसा लागत नाही, नजर लागते. मुके जनावर "माझं दुखतंय" असे सांगत नाही. म्हणून रोज दोन मिनिटे त्याच्या अंगावरून हात फिरवा. डोळे पाहा, कान पाहा, बोटांच्या बेचक्या पाहा. कान घाण मारतो का? पाय लंगडतो का? कुठे जखम आहे का? रोज पाहणाऱ्याला बदल लगेच कळतो.

हात फिरवताना गोचीड सापडेल. ती कानात आणि बेचक्यांत लपते. चिमट्याने अगदी कातडीजवळ धरा आणि सरळ ओढून काढा. बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. काही जण कपाशीवर फवारायचे औषध कुत्र्याला चोळतात. असे कधी करू नका. कुत्रे आपले अंग चाटते, ते विष पोटात जाते आणि कुत्रे मरते. गोचिडीचे औषध गुरांच्या डॉक्टरांना विचारूनच आणा. कुत्र्याचे बसायचे पोते आठवड्यातून एकदा कडक उन्हात टाका.

खाण्याचे पाहू. नामदेव महाराजांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आपण धावतो ते दगड घेऊन! तूप नको, पण सावलीत एक भांडे स्वच्छ पाणी तरी ठेवा. उन्हाळ्यात कुत्रे जीभ बाहेर काढून धापा टाकते, कारण आपल्यासारखा घाम त्याला येत नाही. त्याला दुपारी उन्हात बांधून ठेवू नका.

भाकरी द्या, भात द्या, सोबत अंडे किंवा मटणा-मासळीचा तुकडा जमेल तसा द्या. पण कांदा-लसणाची तिखट आमटी, मनुका, चॉकलेट देऊ नका. शिजलेले हाड फुटून टोकदार होते आणि आतडे फाडते. आणि बकरे-मेंढरू कापल्यावर पाण्याच्या फोडांचे काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात बारीक कृमी होतात. कृमींची अंडी विष्ठेवाटे अंगणात येतात. पोर मातीत खेळते, तोच हात तोंडात घालते. मग माणसाच्या पोटात पाण्याची गाठ होते. असले मांस खोल खड्ड्यात पुरा. कुत्र्याला जंताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने ठराविक महिन्यांनी द्या. आणि पोरांना हात धुऊनच जेवायला बसवा.

मांजराचे थोडे वेगळे आहे. आपल्याला वाटते, मांजराला दूध दिले की झाले. पण पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. मांजर मांस खाणारे जनावर आहे. त्याला मासळी, अंडे, मांस लागतेच. घरात उंदराचे विषारी औषध ठेवत असाल तर ध्यानात घ्या, तो उंदीर खाऊन मांजरही मरू शकते. आणखी एक. आपल्या तापाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. माणसाचे औषध मनाने जनावराला देऊ नका.

जनावराने एक दिवस खाल्ले नाही, सारखे ओकले, हगवण लागली, तर डॉक्टरांना दाखवा. पण त्याचा स्वभाव एकाएकी पालटला, आवाज बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर जवळ जाऊ नका. तोंडात हात तर मुळीच घालू नका. पोरांना दूर ठेवा, गुरांच्या दवाखान्याला कळवा. आणि पोरांना आजच सांगून ठेवा, की कुत्र्याने ओरखडले किंवा जखमेवर चाटले तरी घरी येऊन सांगायचे. कुणी रागावणार नाही. आमच्या सोबत्याला हे कुणी सांगितले नव्हते.

शेवटी थोडा अभ्यास देतो. मास्तरची खोड जात नाही! तुम्ही आता लिहायला शिकला आहात. आज घरी गेल्यावर भिंतीवरचे कॅलेंडर काढा. कुत्र्याला लस कधी टोचली, ती तारीख लिहा. पुढची कधी, ती लिहा. टोचली नसेल, तर दवाखान्यात कोणत्या दिवशी जायचे, ते लिहा. उद्या वर्गात आम्ही प्रत्येकाला विचारणार आहोत.

कुत्रा आपले घर राखतो. त्याला आपणच राखायचे. मग आपली पोरेही राखली जातात.